शीट नंबर एकतीस-ब

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "नोकरीतले अनुभव लिहा, जरा हलकंफुलकं असू दे." हलकंफुलकं माझ्याकडे पोतंभर आहे. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन बसते आणि बाकीच्यांना वाट देत नाही. आमच्या ह्यांचा या लिहिण्याला विरोध आहे. "कशाला विषाची परीक्षा? घरात आपण दोघंच असतो," असं ते गेले पंधरा दिवस म्हणताहेत. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. त्या शहराचं नाव मी लिहिणार नाही, देशाचंही नाही. माणसांची नावं आणि घराचा नंबर बदलले आहेत. एका खोलीच्या भिंतींवर काय रंगवलं होतं तेही खरं सांगणार नाही. बाकी जे घडलं ते तसंच लिहिते आहे.

मी रत्नागिरीत सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. आरेखक म्हणजे चित्रकार असा लोकांचा समज. आळीतल्या बायका रुखवतासाठी मोर काढून मागायला यायच्या. मला मोर येत नाही. मला भिंत येते. उभी इमारत टेपने मोजायची, आकडे वहीत उतरवायचे आणि त्या आकड्यांवरून कागदावर ती अशी काढायची, की उद्या ती पडली तरी गवंड्याने नकाशा बघून परत उभी करावी. एवढंच आमचं काम. मोजायला माणसं लागतात दोन. एक टेपचं शून्याचं टोक भिंतीला टेकवून धरतो, दुसरा टेप ताणून आकडा वाचतो. सगळं कौतुक वाचणाऱ्याच्या वाट्याला येतं, पण नकाशा खरा की खोटा ते शून्य धरणाऱ्याच्या हातात असतं.

आमच्या हेडसाहेबांनी दोन नियम माझ्या डोक्यात खिळ्यासारखे ठोकले होते. न मोजलेली रेघ ओढायची नाही. आणि नकाशात कोरी जागा सोडायची नाही; सोडावी लागली तर तिथे कारण लिहायचं. 'कुलूप होते' लिहा, 'विंचू होते' लिहा, नाहीतर 'पाहा शीट अमुक' लिहा, पण कोरं ठेवू नका. एकदा एका घराच्या नकाशात मी एक खोली कोरी सोडली म्हणून त्यांनी सगळ्या ऑफिससमोर माझी हजेरी घेतली. मी निमूटपणे लिहिलं, 'आत बाळंतीण असल्याने मोजमाप नाही.' तो नकाशा पुढे मुंबईपर्यंत गेला, आणि तिकडून बाळंतिणीच्या प्रकृतीची चौकशी आली.

मालगुंडच्या बाजूला एका खेड्यात रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून तिथलं जांभ्या दगडाचं देऊळ मोजायला गेले होते. म्हातारे गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आडवे उभे. म्हणाले, "बाय, ती तुझी फीत आत न्यायची नाय. देवाला काय मोजतात? तू भायर ऱ्हा. मी माप सांगतो, तू लिव." आणि ते आत जाऊन वितीने भिंती मोजत ओरडू लागले, "सात वीत, चार बोटं!" मी आधी त्यांची वीत मोजून घेतली आणि त्यावरून गाभारा काढला. पुढे रस्ता दुसरीकडून गेला, देऊळ राहिलं. माझ्या नकाशामुळे राहिलं, अशी माझी पक्की समजूत होती. जे मोजलं ते वाचतं, असं मी तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

निवृत्तीनंतर पुण्याच्या एका वास्तुविशारद बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या चमूला परदेशातल्या एका फार जुन्या शहराची मोजणी करायची होती. मशिदी, मदरसे, कबरी, राहती घरं, सगळंच. हाताने टेप लावणारी माणसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत, त्यात त्यांना बाईच हवी होती. तिकडच्या घरांचे दोन भाग. पुढचा भाग पाहुण्यांचा, मागचा बायकांचा. मागच्या भागात परका पुरुष पाऊल टाकत नाही. त्यामुळे आमचे पुरुष पुढचा भाग मोजून शीट 'अ' काढत आणि मी मागचा भाग मोजून शीट 'ब'. 'ब' शीट पुरुषांच्या ऑफिसात टांगायची नाही, ती नकाशे गुंडाळून ठेवायच्या माझ्या नळकांड्यात राहील, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून घेतलं. आपल्या माजघराचा नकाशा चार पुरुषांनी चहा पीत बघावा हे मलाही आवडलं नसतं.

तिथे शून्याचं टोक धरायला मला सल्मा मिळाली. माझ्याच वयाची, विधवा, तटबंदीला पाठ लावून असलेल्या एका घराची मालकीण. आमची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडी त्यांची बोली आणि बाकी हातवारे. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. तिसऱ्या दिवसापासून ती मला 'नंदा' म्हणू लागली. टेप धरावी तर तिने. भिंतीला टोक टेकलं की "आहे" म्हणायची, आणि आहे म्हणजे आहे. त्या शहरात आम्ही दोघींनी तीन हिवाळे भिंती मोजल्या.

तिचं घर यादीत एकतिसावं होतं. ते मोजायला गेलो तेव्हा तिने स्वयंपाकघरातलं धान्याचं कपाट बाजूला सरकवलं. मागे कमरेइतकं बुटकं दार. आत पांढरी कमान असलेली एक लहान खोली आणि चारही भिंतींवर माणसं: गाणारी, वाजवणारी, झुल्यावर बसलेली, आणि त्यांच्यामध्ये पक्षी. कोणी आणि कधी काढली ते तिला ठाऊक नव्हतं. सासूने तिला दाखवली, सासूला तिच्या सासूने. घरातल्या पुरुषांना ठाऊक असायचं, पण ते त्यावर बोलत नसत. मी चारही भिंतींपाशी फिरून आले, आणि मग टेप काढली. सल्माने विचारलं, "हेही काढायलाच हवं का?" मी म्हटलं, "काढलं म्हणजे ते राहील." तिने शून्य भिंतीला लावलं. त्या दिवशी मला काय अभिमान वाटला होता! जगात ती खोली कागदावर आणणारी मी एकटी.

घरांना नंबर द्यायची पद्धतही माझीच. आमच्या खात्यात जे आधी वाचवायचं त्याचा नंबर आधी, अशी रीत होती. ती मी सुचवली आणि सगळ्यांना पटली. सर्वांत मोलाची इमारत एक, त्याखालची दोन. प्रत्येक दाराशेजारी गेरूने नंबर मीच घातले, कारण माझे आकडे वळणदार. चौथा हिवाळा आला नाही. सीमेकडून गोळीबाराच्या बातम्या आल्या आणि आम्हाला दोन दिवसांत निघावं लागलं. 'अ' शीट तिथल्या ऑफिसात राहिल्या. 'ब' शीटच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवायची राहिली होती, म्हणून नळकांडं माझ्याबरोबर रत्नागिरीला आलं.

मग ते लोक त्या शहरात शिरले. काळे झेंडे, तोंडाला फडकी. त्यांच्या मते कबरीवर घुमट म्हणजे पाप, नक्षी म्हणजे पाप, आपल्या पूर्वजांनी बांधलेलं शहर हेच मोठं पाप. पहिल्यांदा मिनार पाडला. त्याचं चित्रण करून त्यांनीच जगाला दाखवलं. मी ते आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर बघितलं. पुढच्या आठवड्यात दोन मदरसे, मग एक कबर. कबरीच्या वेळी कॅमेरा दाराजवळून गेला आणि भिंतीवर मला माझ्या हातचा चार दिसला. वळणदार, गेरूचा. त्याच्यानंतर धूर.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, ते नंबराने जाताहेत."

"कसले नंबर?"

"माझे."

ते बाहेरून आलेले लोक. त्या शहरात कुठली इमारत मोलाची हे त्यांना काय ठाऊक? मी क्रम लावून, दाराशेजारी लिहून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी बातम्या लावायला घाबरायचे आणि लावल्याशिवाय राहायचेही नाही. पाच गेला, सहा गेला. मी बोटांवर मोजत एकतीसकडे येत होते. सल्माचा फोन लागत नव्हता.

मे महिन्यात मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसले होते, तेव्हा फोनवर निरोप आला. सल्माचा नंबर. 'शीट ३१-ब पाठवा.' बाकी एक अक्षर नाही. माझे हात रसाने लाल झालेले, तसाच फोन धरून बसले. सल्मा असं लिहीत नाही. ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. हे त्या लोकांचंच काम. पण त्यांना '३१-ब' नावाचं काही आहे हे कळलं कसं? मग आठवलं, 'अ' शीट तिथल्या ऑफिसातच राहिल्या होत्या. 'अ' शीटवर तिच्या घराच्या मागच्या भागात कोरी जागा होती, आणि तिथे मीच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आतील भाग: पाहा शीट ३१-ब'. खाली चौकटीत 'ब' काढणारीचं, म्हणजे माझं, नाव आणि गाव. कोरं सोडायचं नाही, कारण लिहायचं. ती एक ओळ नसती तर तो भाग म्हणजे कुठल्याही घराचं स्वयंपाकघर ठरला असता.

थोड्या वेळाने फोन वाजला. सल्माच होती. मला 'बाईसाहेब' म्हणाली. तीन हिवाळ्यांत तिने मला कधी बाईसाहेब म्हटलं नव्हतं. आवाज सरळ, जणू पाठ केलेलं म्हणते आहे. मागे एका पुरुषाचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बाईसाहेब, माझ्या घराचा नकाशा तुमच्याकडे आहे. उद्या दुपारच्या नमाजाआधी पाठवा. घरात लपवलेलं काही नाही हे यांना दाखवायचं आहे."

मी म्हटलं, "सल्मा, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. स्वयंपाकघराला एकच दार आहे, तुम्हाला आठवत असेल. तसंच नकाशात असेल."

फोन बंद झाला. दारं दोन होती. बुटकं दार तिने बुजवलं होतं, आणि नकाशात काय दिसलं पाहिजे ते तिने त्या माणसासमोर मला सांगितलं होतं.

ह्यांना मी सगळं सांगितलं. "पोलिसांत जाऊ या," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "काय सांगणार? की अतिरेक्यांना आमच्याकडचा नकाशा हवाय? पोलीस तुलाच आधी आत टाकतील." नकाशा हरवला असं कळवावं, तर तिच्या घराच्या भिंती फोडून बघितल्या असत्या. शेवटी ते उठले, पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या. भर दुपारी मे महिन्यात आम्ही घर बंद करून बसलो. जेवणाच्या टेबलावर मी ट्रेसिंग पेपर ताणला.

आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजलेली रेघ ओढली. खोटा नकाशा काढणं खऱ्यापेक्षा अवघड असतं. घराची बाहेरची लांबी ठरलेली, ती 'अ' शीटवर आहे. आतली एक खोली गायब केली की तिची रुंदी कुठेतरी मुरवावी लागते. ते टेप घेऊन मोजतील हे मी धरून चालले होते. घराची पाठ तटबंदीला होती, तेव्हा ती सगळी रुंदी मी मागच्या भिंतीत घातली. तटाला टेकलेली भिंत जाड असली तर कोणाला खटकत नाही. गाणारी, वाजवणारी सगळी माणसं मी भरीव दगडाच्या तिरक्या रेघांखाली गाडली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघा ओढल्या. बेरीज तीनदा केली. जुळली. दिवेलागणीला फोटो काढून पाठवला. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी मी मन रमवायला मोजणीची वही, आमचं फील्ड बुक, उघडली. स्वयंपाकघराची लांबी चार मीटर बत्तीस. मी पाठवलेल्या शीटवर चार मीटर दहा. खालच्या ओळीतला पडवीचा आकडा माझ्या हातून वर उतरला होता. स्वयंपाकघर वीतभर तोकडं झालं होतं आणि भिंत तेवढीच जाड, म्हणून बेरीज जुळली आणि चूक दिसली नाही. अख्ख्या नोकरीत माझ्या शीटवर अशी चूक कधी निघाली नव्हती. सुधारलेली शीट पाठवली असती तर पहिली खोटी हे त्यांना मीच सांगितल्यासारखं झालं असतं. मी वही मिटली आणि कपाटाच्या तळाशी घातली.

त्यापुढचे महिने मी कसे काढले ते ह्यांनाच विचारा. फाटकाशी रिक्षा थांबली की मी आत जाऊन उभी राहायचे. अनोळखी नंबर घेत नव्हते. बाजारात मासळीवाली म्हणाली, "काय गो बाय, बरं नाय काय तुला? सुकलीस किती." मी तिला उपास सांगितले. भाताच्या दाण्याबरोबर एकच विचार गिळायचे: सल्मा मेली असेल तर ती माझ्या एका आकड्याने मेली.

थंडीत त्या लोकांना शहरातून हुसकावल्याची बातमी आली. आणखी काही आठवड्यांनी सल्माचा फोन आला, भावाच्या नंबरवरून. आधी गुडघ्यांची चौकशी केली. मी रडू लागले तर म्हणाली, "ऐक आधी."

नकाशा मिळाला त्याच दिवशी ते टेप घेऊन आले होते. बायकांच्या भागात परका पुरुष चालत नाही हे सगळ्या शहराला शिकवणारे, चुलीपर्यंत बुटांनी आले. शून्याचं टोक धरायला त्यांनी सल्मालाच उभं केलं.

"बाकी सगळं जुळलं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराला अडलं. त्यांच्यातला एक म्हातारा आकडा वाचायचा आणि एक जवान पोरगा कागद बघायचा. जवान म्हणाला, कागदावर वीतभर कमी आहे. म्हातारा म्हणाला, परत धर, नीट धर. मी भिंतीकडे तोंड केलं, बुरखा पुढे ओढला आणि शून्य भिंतीपासून वीतभर अलीकडे धरलं. म्हटलं, आहे."

"चार बत्तीसच्या जागी चार दहा," मी म्हटलं.

"तू चुकली होतीस, नंदा."

"हो."

"मला वाटलं, मुद्दाम केलंस. मग वाटलं, नाही, घाबरलीस."

त्याच सुमारास पुण्याच्या बाईंचं पत्र आलं. शहर पुन्हा उभारायचं आहे, जुन्या मोजणीची खातरजमा हवी आहे. सोबत यादी होती. एक ते तीस, प्रत्येकापुढे 'नष्ट'. एकतीस उभं. त्या लोकांच्या मागे राहिलेल्या कागदांत ३१-ब ची छापील प्रत सापडली होती. ती बरोबर असल्याची माझी सही हवी होती. मी सल्माला विचारलं. आता ते गेले, आता खरी शीट द्यायला काय हरकत आहे?

"त्याच खोट्यावर सही कर," ती म्हणाली. "ते गेले, पण दुसरे येतील. आमच्यातूनच येतील. माझा पुतण्या त्यांच्यात होता, तुला सांगितलं नव्हतं. आणि खरी जाळून टाक."

"सल्मा, जगात ती एकच आहे. उद्या घर पडलं तर?"

"पडलं तर पडलं. सुनेला मी खोली दाखवली आहे, ती तिच्या सुनेला दाखवेल. आम्ही ती अशीच सांभाळली, कागदावाचून. तू एक ओळ लिहिलीस आणि ते माझ्या चुलीपर्यंत आले."

ती रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी सही केली. मग नळकांड्यातून खरी शीट काढली, टेबलावर पसरली आणि शेवटची बघितली. झुल्यावरच्या बाईच्या पायातले वाळेसुद्धा मी काढले होते. तो माझ्या हातचा सगळ्यांत चांगला नकाशा होता, हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. परसात आंघोळीच्या पाण्याचं चुलवण पेटलेलं होतं. मी शीट त्यात घातली, मागोमाग मोजणीच्या वहीतली त्या खोलीची पानं. ट्रेसिंग पेपर एकदम जळत नाही, आधी आक्रसतो. शहर पाडणाऱ्यांना मी आजही तोंडभरून शिव्या देते, आणि त्या दिवशी त्यांच्या हातून राहिलेलं काम मी केलं असं मला वाटतं. सल्मा म्हणते, तसं नाही. तिचं खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

भीती गेली असेल असं वाटलं होतं. गेली नाही. परवा ह्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होते, हातात पेन्सिल होती, समोर वर्तमानपत्र. बोलणं संपलं तेव्हा बघते तर कोऱ्या कडेवर सल्माच्या खोलीतली ती कमान काढलेली, खाली बुटकं दार, प्रमाणात, एक रेघ इकडची तिकडे नाही. मी तो कागद फाडला, परसात नेला आणि राख होईपर्यंत तिथे उभी राहिले. आता फोनवर बोलताना मी हात पदराखाली धरते.